चवथ दोन दिवस होती

राई, बुधवार, २८ जानेवारी १९७६

धर्मा,

म्हणजे तू जिवंत आहेस. सहा वर्षं दर पितृपाखात मी पत्रावळ हातात घेऊन उभी राहायची, ह्याच्या नावानं वाढू की नको वाढू, आणि तू तिकडं कांडल्याच्या बंदरात गोणी उतरवतोयस, दोन वेळ चपाती खातोयस, मिशी ठेवलीयस. महिपतनं सगळं सांगितलं. त्याचा मचवा तिथं लागला होता, त्यानं तुला पाठीवरून ओळखलं. "धर्माजी ना रं तू?" म्हणून विचारलं तर तू आधी नाही म्हणालास. स्वतःच्या नावाला नाही म्हणतोस. ते नाव बापसानं ठेवलंय, तू बाजारातून नाही आणलंस.

एक ओळ लिहिता आली नाही तुला? मेली की जगली थोरली बहीण, आपली बाय, एवढं तरी विचारायचं. आयस गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. कुणी तुला कडेवर घेऊन बांधावरून फिरवलं ते विसरलास वाटतं.

पत्ता महिपतनं बिडीच्या पुडक्यावर लिहून दिला. मी दुसरी इयत्ता शिकलेली, जोडाक्षर आलं की हात अडतो, तरी स्वतः लिहितेय. माझ्या पोराचं, पुंडलिकचं, अक्षर सुंदर आहे, त्याला सांगता आलं असतं. का नाही सांगितलं ते मग. आणि कार्ड टाकत नाही, निळं पत्र आणलंय, कारण सदू पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो आणि दुपारपर्यंत गावाला तोंडपाठ करून देतो.

आता बातमी. परवा सव्वीस तारखेला आपल्या एकवीरा मंडळानं फुटबॉलचा कप घेतला. उत्तनला हरवलं, एक शून्य. त्याच मैदानात, मिठाच्या आगराच्या बाजूला. गोलात कोण होता माहीत आहे? माझा पुंडल्या. तू गेलास तेव्हा अठरा वर्षांचा होता, हातपाय नुसते बांबू. आता दारातून आत येताना वाकतो.

भाईंदरवरून बेंडवाले आणले. गुलाल इतका उडवला की काल सकाळी गावातली कोंबडीसुद्धा गुलाबी फिरत होती. बाबाजी, तुमच्या वेळचा कप्तान, आता मंडळाचा अध्यक्ष आहे. तो धोतर खोचून नाचला आणि नाचता नाचता गोलाच्या खांबाशी जाऊन बसला. उठवलं तरी उठेना. मी लांबून बघितलं. तोंड असं केलं होतं जसं कुणाला पोचवून आलाय.

मला वाटायचं, एकदा कप आला की तू गेलास ते वर्ष पुसलं जाईल. खेळ चालू असताना गोलकीपर, म्हणजे तू, गोल सोडून बांधावरून पळत सुटला, रिकाम्या गोलात उत्तननं बॉल घातला. आणि त्याच घटकेला उघाडीच्या फळ्या, बांधाच्या तोंडाला भरती अडवायच्या, पडल्या नव्हत्या म्हणून खाडीचं पाणी आगरात शिरलं आणि गावाच्या मिठाच्या राशी विरघळून गेल्या. उघाडीवरची पाळी तुझी. म्हणजे एका दिवसात गावाचा कप गेला, गावाचं मीठ गेलं, आणि दोन्ही तुझ्या नावावर. तिसऱ्या दिवशी तू पण गेलास.

ते काही पुसलं नाही. कप आला आणि सगळं पुन्हा वर आलं, ओहोटीला चिखल वर येतो तसं. ज्याच्या त्याच्या तोंडी तूच.

पत्र मिळाल्याबरोबर उत्तर लिही. नाव खरं घाल.

रंभा


राई, सोमवार, २ फेब्रुवारी १९७६

धर्मा,

कांडल्याहून पत्र यायला दिवस लागतात ते मला कळतं. पण मला दम नाही, तुला ठाऊक आहे. भात शिजायच्या आधी मी झाकण तीनदा उघडते. म्हणून दुसरं लिहितेय.

कप घरोघर फिरतोय. अकरा खेळणारे, अकरा घरं, एकेका घरी एकेक दिवस. नवी सून आणल्यासारखा दारात थांबवतात, घरची बाई त्याच्यावर पाणी ओवाळून टाकते, मग ओटी भरते. खण, नारळ, तांदूळ, आणि आपल्याकडची रीत म्हणून वर यंदाच्या नव्या मिठाची चिमूट. परवा आपल्या घरी येईल. मी ताट आत्तापासून दोनदा घासून ठेवलंय.

गावाला आनंद झालाय असं म्हणायचं तर झालाय. पण कसा झालाय ते ऐक. काल बाबाजी ओट्यावर येऊन बसला. पाणी दिलं, प्याला नाही. म्हणाला, "रंभे, कप बघितला की मना हसू येतं नि मग राग येतो. राग कुनाचा तेच कलत न्हाय. ह्या पोरांनी जिंकला, बराच झाला. पन आमी अकरा जन हरलेलं ते हरलेलंच राह्यलं ना? आता ते कंदी फिटनार?"

मी म्हटलं, "पोरांच्या पाठीवर हात ठेव नि गप बस."

"ठेवला. हात ठेवला नि मनात आलं, त्या दिशी गोलात मानूस राह्यला असता तर हा हात माज्या पाठीवर पडला असता." मग म्हणाला, "धर्मा घाबरट नव्हता गं. मी त्याच्यासंगं नऊ वरसं खेललो. तो पलाला कनाला, एवढाच एकदा कलूदे. मंग मी मेलो तरी चालंल."

मी शेणाच्या गोवऱ्या थापत होते. थापत राहिले.

शेजारच्या सुगंधाला पेढा दिला तर तिनं तोंडात नाही घातला, पदराच्या टोकाला बांधला. त्या वर्षी आगरातली सगळ्यात मोठी रास सुगंधाची होती ना, तिच्या पोरीच्या, शालूच्या लग्नासाठी राखलेली. ते लग्न मोडलं. शालूला पुढल्या साली दिली, पण बिजवराला. सुगंधा म्हणाली, "गोड हाय गं, पन गलत न्हाय." गळ्याखाली उतरत नाही म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हसली. ती हसली ते मला चावल्यासारखं झालं.

आणि तुझा भाचा. देवळापुढं मांडव घातला होता, सगळ्यांनी त्याला बोलायला उभा केला. मला वाटलं, लाजेल. लाजला नाही. म्हणाला, "मामानं घालवला तो कप भाच्यानं परत आणलाय. पळपुट्याच्या घरातला म्हणून सहा वर्षं मला ऐकवलंत. आता कुणी ऐकवून दाखवा."

टाळ्या पडल्या. मी पण वाजवली. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, नाही वाजवली असती तर विचारलं असतं. वाजवली आणि घरी येऊन हात राखेनं घासले.

हा पोर गोलात का उभा राहायला लागला ठाऊक आहे? त्याला खेळायची आवड होती पुढं, बॉल घेऊन पळायची. पण तू गेल्यावर पुढच्याच हंगामात मंडळात जाऊन म्हणाला, मला गोलात उभा करा, मी हलणार नाही. पहिल्या वर्षी नाक फुटलं. दुसऱ्या वर्षी खांदा निखळला. हलला नाही. तुझ्यावरच्या रागानं उभा राहिला तो. सहा वर्षं माझ्या हातचं जेवून मला म्हणतो, तुझा भाऊस भित्रा.

आणखी एक सांगते. यंदा बायका उघड उघड मैदानात गेल्या, आता कुणी काही म्हणत नाही. मी पण गेले. शेवटची दोन मिनिटं राहिली होती, उत्तनचा एक जण एकटाच गोलावर आला. पुंडल्यानं उजवीकडं अंग फेकलं आणि बॉल पोटाशी धरून पडून राहिला. सगळ्या बायका किंचाळल्या. सुगंधासुद्धा. मी भाईंदरच्या बाजारात वांगी विकते तर माझा आवाज स्टेशनच्या पुलावर ऐकू जातो, लोक चेष्टा करतात. आणि पोटच्या पोरासाठी माझ्या गळ्यातून हवा निघाली नाही. पदर दातात धरून उभी राहिले.

का ते गावात कुणाला माहीत नाही. तुला माहीत आहे.

रंभा


राई, गुरुवार, ५ फेब्रुवारी १९७६

धर्मा,

मला दोन ओळी नाहीत आणि मंडळाला तार. वा रे वा. मोठा माणूस झालास. पोस्टातल्या पाटीवरचा छापील मजकूर निवडलास, "आपल्या यशाबद्दल हार्दिक अभिनंदन", आणि खाली नाव. महिपतला नाव सांगत नव्हतास, तारेत बरं घातलंस.

तार मंगळवारी आली. तार म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं कुणीतरी गेलं. बाबाजीनं देवळात पोरांसमोर मोठ्यानं वाचली आणि नावाशी येऊन थांबला. मग बाबाजी तार घडी करून खिशात ठेवायला लागला तर पुंडल्यानं ती हातातून घेतली. म्हणाला, "पळून गेलेल्याच्या तारेनं आमचा कप बाटवू नका," आणि चार तुकडे केले. बाबाजी तुकडे वेचायला वाकला. एवढंच म्हणाला, "पोरा, तो माज्या पाठीमागं गोलात उबा ऱ्हायचा. फाडायची तर मी फाडली असती."

मी तिथंच होते, देवळाच्या पायरीवर. मी तोंड उघडलं नाही. ह्या गावात कुणाच्या म्हशीनं कुणाची काकडी खाल्ली तरी मी बोलते, आणि तिथं बोलले नाही.

काल कप घरी आला. पोरांनी वाजतगाजत आणला. मी ताट तयार ठेवलं होतं. खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. मीठ घालायला वाटीत बोटं घातली आणि ती बाहेरच येईनात. सगळे थांबलेले. सुगंधा म्हणाली, "घाल ना गं चिमूट." मी म्हटलं, आज मला अडचण आहे, मी शिवायला नको होतं, चुकलंच. शेहेचाळीस वर्षांची बाई, वर्ष झालं माझं ते थांबलंय, आणि सुगंधाला ते ठाऊक आहे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि स्वतः मीठ घातलं. जिची रास गेली तिनं माझ्या घरच्या कपात मीठ घातलं.

आता मी सगळं लिहिते, कारण मला झोप नाही, भाजी फोडणीला टाकते आणि विसरते.

सव्वीस तारखेला, पुंडल्यानं तो बॉल धरला त्याच्यानंतर, उत्तनची फिलू माझ्याकडं आली. सुकी मच्छी विकते ती, गळ्यात क्रूस, पदर असा मागून पुढं घेतलेला. माझ्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "तू त्या वरसाची ना गं? गोलाच्या मागं आमच्यात येवून उबी ऱ्हायलेली? 'धर्मा' करून वरडलेली? मी तुला चना दिलेला." सुगंधा माझ्या शेजारी होती. मी म्हटलं, "मी नाही ती." फिलू म्हणाली, "तूच गं. तुजा आवाज कोन इसरंल?" मी परत म्हटलं, मी नाही. मग ती खांदे उडवून गेली. तुझ्यासारखंच केलं मी, धर्मा. स्वतःला नाही म्हटलं. म्हणून पहिल्या पत्रात तुला शिव्या घातल्या, दुसऱ्या कुणाला घालू?

आता तुला जे माहीत नाही ते. तुला वाटत असणार, बाय उघाडी वाऱ्यावर सोडून खेळ बघायला आली. सहा वर्षं तू हेच धरून बसला असशील. तसं नाही. मी मोजून आले होते.

तू सकाळी म्हणालास, "बाय, माझी पाळी आहे पण आज फायनल आहे. पाणी खुणेला लागलं की फळ्या टाक, कुणाला कळायला नको." तिथी तू सांगितली नाहीस, मी विचारली नाही. आपल्यात विचारायचं काय असतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, पाळण्यातलं पोर बोटावर करतं. आदल्या रात्री मी चंद्र बघून संकष्टी सोडली होती. काल चवथ, म्हणून आज पंचमी. पाचाची पाऊणपट, पावणेचारला भरती. पाणी खुणेला लागायला सव्वातीन तरी वाजतील. खेळ अडीचला सुरू होणार होता. म्हटलं, अर्धा तास बघीन आणि धावत येऊन फळ्या टाकीन.

मी तुला कधीच खेळताना बघितलं नव्हतं. तुझा पहिला बॉल मीच शिवला होता, काथ्या नि फाटक्या लुगड्याचा. गुडघे मीच धुतले, बनियनवरचे डाग मीच काढले. नऊ वर्षं लोकांच्या तोंडून ऐकायचं, धर्मा असा उडतो, धर्मा तसा धरतो. आपल्या बायका तेव्हा मैदानात जात नव्हत्या. उत्तनच्या यायच्या. म्हणून डोक्यावरून पदर घेऊन त्यांच्यात जाऊन उभी राहिले, तुझ्या गोलाच्या मागं. एकदाच बघायचं होतं.

आणि तू ती उडी घेतलीस. डावीकडं, आडवा, जमिनीच्या वर. माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. मी काढलं नाही, निघालं.

तू वळून बघितलंस. तुझं तोंड मला अजून दिसतं. तुला कळलं की मी इथं आहे म्हणजे उघाडीवर कुणी नाही. आणि तुला ते ठाऊक होतं जे मला नव्हतं. चवथ दोन दिवस होती. संकष्टी चंद्र उगवताना धरतात, तेव्हा चवथ लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती चालूच होती. त्या दिवशी भरती तीनला होती, पावणेचारला नाही. पाऊण तास. तू बॉल टाकलास आणि पळालास. लोकांनी बघितलं तो भित्रा माणूस पळतोय. मी बघितलं ते माझ्या बोटांचं मोजणं पळतंय.

मी मागून पोचले तेव्हा तू छातीभर पाण्यात फळी खांद्यानं दाबून धरली होतीस आणि पाणी तुझ्या दोन्ही बाजूंनी जात होतं. राशी पांढऱ्या होत्या, मग करड्या झाल्या, मग नव्हत्याच.

पुढचं उद्या लिहिते. पुंडल्या आला.

रंभा


राई, शुक्रवार, ६ फेब्रुवारी १९७६

धर्मा,

कालचं पत्र टाकलं नव्हतं. हे त्याच्याबरोबरच टाकतेय, दोन्ही लिफाफ्यात घालून.

काल पुंडल्या घरी आला तो सुगंधाकडून आला होता. हातपाय धुतले नाहीत. चुलीपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आये, उत्तनची बाई काय बोलली तुला?"

मी म्हटलं, "बोंबील कितीला दिले ते."

"त्या वर्षी तू मैदानात होतीस?"

मी म्हटलं, जेवायला बस. तो म्हणाला, आधी सांग. मी उलथनं आपटलं, म्हटलं, बाई म्हणून जन्माला आलास तर कळेल, आयशीची उलटतपासणी घेतोस, चल ताट घे. त्यानं ताट घेतलं नाही. तसाच बाहेर गेला आणि आगरावर जाऊन बसला, उघाडीच्या दगडावर. मी दारातून बघत होते. तो बसतो तसाच तू बसायचास, एक गुडघा वर.

त्याला कळायला लागलंय. आज ना उद्या तो फिलूकडं जाईल आणि ती सांगेल, तिला कुणाची भीती आहे? माझ्या पोरानं हे परक्या बाईच्या तोंडून ऐकायचं, हे मला चालणार नाही. मी सांगणार. पण माझ्या आड तू उभा आहेस.

उघाडीवर त्या पाण्यात उभं राहून तू काय म्हणालास ते तुझ्याच शब्दात लिहिते, मी विसरलेले नाही. "बाय, घरा जा. तू इथं नव्हतीस नि तिथंय नव्हतीस." मी म्हटलं, मी गावाला सांगते, चूक माझी आहे. तू म्हणालास, "तुझा नवरा तुला जित्ती ठेवील का? तुला पुंडल्याची आन आहे. तोंड उघडलंस तर पोराचं डोकं आहे." आणि मी गेले. भिजलेलं लुगडं पिळून घरी गेले आणि भात लावला. संध्याकाळी लोक तुला शिव्या देत आले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं.

तू बरोबर होतास. पुंडल्याच्या बापसाचा हात कसा चालायचा ते तू बघितलं होतंस. त्यात गावाचं मीठ घालवलेली बायको. मला हाकलून दिली असती, पोर त्यानं ठेवून घेतला असता. ते सगळं खरं. पण तो माणूस जाऊन दोन वर्षं झाली, धर्मा. तुला ते पण ठाऊक नसेल. कावीळ झाली, पंधरा दिवसात गेला. आता मला कोण हाकलणार?

मग दोन वर्षं का गप्प राहिलीस, असं विचारशील. लोकांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं की आन होती. स्वतःलाही तेच सांगत होते. खोटं आहे ते. आनेच्या मागं लपायला बरं पडतं, पदरामागं लपल्यासारखं. मला पुंडल्याची भीती वाटत होती. त्यानं सहा वर्षं ज्या रागावर अंग मोडून घेतलं तो राग चुकीच्या माणसावर होता, आणि ज्याच्यावर करायचा ते माणूस रोज त्याला वाढत होतं. हे कळल्यावर तो माझ्याकडं कसा बघेल? ह्याचं उत्तर मला माहीत नाही. आणि कप आल्यापासून मला दुसरं काही सुचत पण नाही. सगळं गाव जिंकलं आणि मी एकटी अजून त्या खेळात अडकलेय.

बाबाजीला पण कळलं पाहिजे. तो म्हणतो एकदा कळू दे, मग मेलो तरी चालेल. माणूस पंचेचाळिशीला आला, मी त्याला किती थांबवू. सुगंधाला कळलं पाहिजे. ती माझ्याशी बोलणार नाही, शेजारचं दार आहे, विहीर एक आहे. नाही बोलली तर नाही बोलली. तिनं माझ्या ताटात मीठ घातलं तेव्हापासून मी तिच्या तोंडाकडं बघू शकत नाही, मग बोलणं काय नि न बोलणं काय.

आता नीट ऐक. आज कप अकराव्या घरी आहे. उद्यापासून देवळात. पुढल्या रविवारी, पंधरा तारखेला, माघी पौर्णिमा आहे, गावजेवण आहे, कप एकवीराआईच्या पायाशी ठेवायचा आहे. सगळं गाव असेल. बाबाजी विचारणार आहे, कुणाला काही बोलायचंय का, ते दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी कुणी बोलत नाही. मी उठणार आहे. फार नाही बोलणार. पाळी धर्माची होती, बसायचं मी कबूल केलं होतं, तिथी मी चुकले, आणि तो भिऊन पळाला नाही, गोल सोडला तो फळ्या टाकायला, गाव सोडलं ते मला वाचवायला. एवढं बोलून बसणार.

पण आन पुंडल्याची आहे. माझं एकच लेकरू आहे. आन ज्यानं घातली त्यानंच सोडवावी लागते, हे तुला मी शिकवायला नको. मी देवापुढं बसून सोडवून बघितली, नारळ फोडला, तो आतून नासका निघाला. मी घाबरले. आता हसशील. हस.

म्हणून उत्तर पाहिजे. मोठं पत्र नको, शिव्या घालायच्या असतील तर नंतर येऊन तोंडावर घाल, माझी हरकत नाही. आलास तर आणखी बरं, गोलाच्या खांबाला अजून तुझा जुना खिळा आहे, टोपी अडकवायचास तो. पण येणं तुझ्यावर. उत्तर माझ्या हक्काचं. एवढं लिही की पुंडल्याची आन मी सोडली, आणि खाली नाव. पूर्ण नाव, बापसाच्या नावासकट.

आणि निळं पत्र नको, लिफाफा नको. कार्ड टाक. उघडं कार्ड. सदूला वाचू दे, दुपारपर्यंत गावाला तोंडपाठ करू दे.

शनिवारी, चौदा तारखेला, अकराच्या टपालात ते कार्ड मला मिळालं पाहिजे. मी पोस्टाच्या दारात उभी असेन.

तुझी बाय
रंभा